वर माणूस असताना

शनि. १० जाने.

विनादप्तर शनिवार. आठवीला 'कामाची ओळख'. मोठेपणी काय व्हायचं, हा प्रश्न मी विचारणारच नव्हते, पण मु.अ. सर दारात फोन धरून उभे. ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा होता. विचारला. पोरं : पोलीस, पोलीस, आर्मी, पोलीस, जेसीबी. पोरी : मॅडम, नर्स, पोलीस. शिवानीला रील बनवणारी व्हायचंय. सगळे हसले, ती नाही हसली. खिडकीजवळची शीतल उभी राहिली, काहीच न बोलता खाली बसली.

"वडील काय करतात?" विचारलं की "काही न्हाई, शेती." हे 'काही न्हाई' मला डाचतं. दिवसभर राबणारी माणसं यांच्या डोळ्यांसमोर आहेत आणि काम म्हणजे काय विचारलं तर वर्दी.

मागच्या महिन्यात एस.टी.च्या कंडक्टर ताई आल्या होत्या, तो तास रंगला होता. पुढच्या शनिवारी बालाजी लाईनमन. परवा शाळेचा फ्यूज टाकायला आला तेव्हा विचारलं. लाजला. "मी काय सांगणार बाई पोराहिला?" पण येतो म्हणाला.

थंडी फार. स्कूटी चालू व्हायला किक मारून मारून पाय दुखला.

शनि. १७ जाने.

आजचं कसं लिहू.

सुरुवात इतकी छान झाली होती. बालाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला. बेल्ट, हातमोजे, टेस्टर सगळं टेबलावर मांडलं. व्हरांड्याच्या खांबाला बेल्ट बांधून मागे रेलून दाखवलं, तेव्हा पोरं ओरडली. मग म्हणाला, चढणं सोपं आहे, चढायच्या आधीचं काम महत्त्वाचं. "आधी सबस्टेशनला फोन. तिथं ऑपरेटर बसलेला असतो. त्याच्याकडून लाईन बंद करून घ्यायची. त्याला आमी परमिट घेणं म्हणतो. ज्यानं परमिट घेतलं, काम झाल्यावर त्यानंच फोन करायचा. दुसऱ्या कोनी सांगितलं तर लाईन चालू होत न्हाई."

शीतल उभी राहिली. जूनपासून तिनं आपणहून काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"मंग वर माणूस असताना लाईन कोण चालू करते?"

"कोनीच न्हाई करत, बाळा."

"माझे पप्पा वर होते. त्यांचं परमिट कोणी घेतलं होतं?"

बालाजीचा हात बेल्टच्या बकलावर होता, तिथंच राहिला. मला काही कळेना, मी वेड्यासारखी एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे. मग त्याने सामान गोळा केलं. "कंप्लेंट आली बाई, जातो." फोन वाजलाच नव्हता. चहा तसाच राहिला.

नंतर स्टाफरूममध्ये जाधव बाईंनी सांगितलं. शीतलचे वडील, दत्ता, कंत्राटदाराकडे हेल्पर होते. बालाजीच्या हाताखाली. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ओढ्यापलीकडच्या पोलवर गेले. वर असताना लाईन आली. "परमिट न घेताच चढला म्हणे. स्वतःचीच चूक. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी बदलीवर आलेली. पण सात महिने पोरगी समोर बसते आणि मला माहीत नाही.

रवि. १८

नवऱ्याला सांगितलं. प्रकाश म्हणतो, तुला काय स्वप्न पडणार होतं का, सोड. मेडिकल दुकानात कामाला निघून गेला.

कपडे वाळत घालताना तेच. दर शनिवारी मी सांगते, कोणतंही काम हलकं नाही, मुलींनी कोणतंही काम करावं. कामावर माणूस मरतो, हे कधी सांगितलं नाही. आणि मेला की चूक त्याच्याच नावावर जाते, हेही.

बालाजीने "आमच्या दत्तानं घेतलं नव्हतं" एवढं सरळ म्हणून टाकलं असतं तर विषय मिटला असता. सगळं गाव तेच म्हणतं. तो का म्हणाला नाही?

सोम. १९

शीतल गैरहजर.

मु.अ. सरांनी ऑफिसात बोलावलं. दार लोटून घेतलं. "मॅडम, आपल्याला याच गावात शाळा चालवायचीये." कोणाचा तरी फोन आला होता. कोणाचा, ते सांगेनात. मी म्हटलं, सर, लेकराने प्रश्न विचारला फक्त. तर म्हणाले, "लेकरू विचारतंय हो. उत्तर द्यायला कोण बसलंय इथं?"

यापुढे शनिवारचा पाहुणा ते ठरवणार.

माणूस वाईट नाही. रिटायरमेंट जवळ आली आहे, त्यांना सगळं शांत हवं आहे. मलाही हवं होतं.

मंगळ. २०

शाळा सुटल्यावर शीतलच्या घरी. पत्र्याच्या दोन खोल्या, समोर तुळस नाही, पेरूचं झाड. तिची आई, मीरा, नुकतीच हळदीचा पाला कापून आलेली. हात पिवळे, कोपरापर्यंत खरचटलेले. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. चहा टाकला.

"पोरीनं घरी येऊन मलाच इचारलं बाई. पप्पाचं परमिट कोनी घेतलं होतं म्हणून. मला काय ठावं? मला सांगितलं ते मी तिला सांगितलं. घाई केली, न इचारता चढला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्याईनंच. दवाखान्यात, साहेबाईनं. बालाजी भाऊजी होते तिथं, ते खाली बघून उभे होते."

शीतल आत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मीराताईंनी आवाज खाली केला.

"पण बाई, माझं गाऱ्हाणं ते न्हाई. पोरगी म्हणून राहिली मला त्याच खात्यात जायचं. तुमी सांगितलं का वर्गात, पोरीला कोनतंबी काम जमते म्हणून?"

"हो."

"मंग आता तुमीच तिला न्हाई म्हणा. माझं ती ऐकत न्हाई, तुमचं ऐकते. मी एक माणूस देलाय त्या तारेला."

मी "बघते" म्हणाले. बघते म्हणजे काय, कुणास ठाऊक. निघताना शीतल दारात आली, माझ्या चपला सरळ करून ठेवल्या.

येताना ओढ्यापलीकडचा पोल बघितला. इतर पोलसारखाच. वर दोन साळुंक्या.

गुरु. २२

शीतल आली. मधल्या सुट्टीत नळापाशी एकटी सापडली. मी पाठ करून ठेवलेली वाक्यं होती. शिक्षण, नर्सिंग, पोस्टात सुद्धा असतं, असलं काहीबाही. आई काळजीने बोलते आहे वगैरे. ऐकून घेतलं तिनं सगळं.

"तुला भीती वाटत नाही का गं?"

"वाटते. मी पोलवर चढणार न्हाई बाई. मम्मीला तसंच वाटून राहिलं."

"मग?"

"मला तिथं बसायचं. सबस्टेशनला. फोन येते ना, तिथं." नळ बंद केला तिनं. "कोणाचाबी फोन आला तरी मी चालू करणार न्हाई. ज्याचं परमिट हाय तोच बोलला तर करीन."

मी नाही म्हणू शकले नाही. तेरा-चौदा वर्षांची पोरगी. एवढ्या दिवसांत एवढ्या पोरांनी मला काय काय व्हायचं सांगितलं, पण कशासाठी व्हायचं ते इतकं स्पष्ट एकानेही नाही.

मीराताईंना काय तोंड दाखवू?

शनि. २४

मु.अ. सरांचा पाहुणा. कुठल्याशा भरती अकॅडमीचे सर. गॉगल डोक्यावर. स्वप्नं मोठी बघा, झोपू नका, आईबापाच्या डोळ्यातलं पाणी आठवा. मग 'पाणी' या शब्दावर पॉज. पुढच्या बाकावरच्या दोघींना खरंच रडू आलं. नामदेवने विचारलं, "सर, तुमी कशात लागलेत?" सर म्हणाले, मी घडवण्याचं काम करतो. व्हिडिओ छान आला म्हणे.

शीतल पूर्ण वेळ वहीवर रेघा ओढत होती.

तास मिळाला नाही म्हणून आतून बरंही वाटलं. हे लिहून ठेवते.

मंगळ. २७

काल २६ जाने. झेंडावंदन, लेझीम, जिलेबी. गावातली सगळी मोठी माणसं खुर्च्यांवर. त्यातल्या एकाने तरी तो फोन केला असणार मु.अ. सरांना. एकेकाकडे बघत होते. सगळे सारखेच दिसत होते, पांढरेशुभ्र.

आज घरी येताना केळीच्या बागांच्या वळणावर बालाजी गाडी लावून उभा. माझी वाट बघत होता. आठ-दहा दिवसांत वाळला आहे.

"बाई, तुमी मला बोलावलंच काहून?"

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तर म्हणाला, "मला तर ठावं होतं ना ती कोनाची पोरगी. मला वाटलं इचारणार न्हाई. लेकरू हाय, तिला काय समजते."

मग सांगितलं. तुकड्या-तुकड्यात, मध्येच ट्रक गेला की थांबायचा. परमिट त्यानेच घेतलं होतं, स्वतःच्या नावानं. दत्ता वर, बालाजी खाली. बालाजीने परत फोन केलाच नाही. गावातल्या दुसऱ्याच कोणीतरी ऑपरेटरला फोन केला, की बालाजी सांगून राहिला काम झालं, चालू करा. केळीचं पाणी अडलं होतं त्याचं. ऑपरेटर नवा पोरगा, समोरचं नाव ऐकून घाबरला. केली चालू.

"नाव कोणाचं?"

"ते माज्या तोंडातून येणार न्हाई बाई."

"आणि परमिट घेतलं नाही, हे कोणी ठरवलं?"

"साहेब म्हणले, बालाजी, दत्ता तर गेला. आता तू तुजे लेकरं बघ. ऑपरेटरचीबी नोकरी जाईल, तुजीबी जाईल. मी न्हाई म्हणलो न्हाई आन् व्हयबी म्हणलो न्हाई. नुसता गप बसलो." मग, "त्याच्या लग्नात मी नाचलोय बाई. जिगरी होता माजा. त्या पोरीला तुमी सांगून टाका ना. तुमाला सांगता येते."

मला इतका राग आला. मीराताई म्हणतात तुम्ही नाही म्हणा, हा म्हणतो तुम्ही सांगा. "मी नाही सांगणार. तिने तुम्हाला विचारलंय. तुम्ही सांगा." असं म्हणून गाडी काढली.

घरी आल्यावर वाटलं, त्याच्या जागी मी असते तर? प्रकाशला काही सांगितलं नाही.

शुक्र. ३० जाने.

परिपाठ चालू असताना मीराताई फाटकातून सरळ आत आल्या. पदर खोचलेला. वाटलं आता काय. मला बाजूला घेऊन गेल्या, हौदामागे.

बालाजी काल संध्याकाळी बायकोला घेऊन त्यांच्या घरी गेला होता. सगळं सांगितलं. शीतलच्या समोर. बायको रडत होती, तो जमिनीवर बसला होता, खुर्ची दिली तरी बसला नाही.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, निदान खरं कळलं.

"काय करू खऱ्याचं?" मीराताई म्हणाल्या. "दोन सालं झाले मी त्याला शिव्या देऊन राहिले बाई. भाकरी थापताना, खुरपताना. घाईचा, बिनडोक्याचा, लेकरांचा इचार केला न्हाई म्हणून. फोटोपुढं उभी राहून देल्या. हार घातला न्हाई मी त्याला कधी. आता त्या शिव्या कुटं नेऊ?"

तिकडे पोरं प्रतिज्ञा म्हणत होती.

मी त्यांचा हात धरला. पिवळा, खरखरीत. सोडवून घेतला त्यांनी. रागाने नाही. त्यांना कामावर जायचं होतं.

शीतल वर्गात होती. गणितं सोडवली, बरोबर. काहीच वेगळं नाही चेहऱ्यावर. फक्त डबा उघडला नाही.

मंगळ. ३ फेब्रु.

गावभर झालं आहे. बालाजीला वरून बोलावणं आलं म्हणे. कोणी म्हणतं पिऊन बरळला, कोणी म्हणतं मीराला पैसे हवेत, तिने त्याला फितवलं. आणि मुळात काडी लावली ती शाळेतल्या बाईने. "ह्या बाहेरच्या बाई." बाहेरच्या म्हणजे काय ते मला कळतं. बदलीचं नव्हे ते, जातीचं.

मु.अ. सर आज ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "माझ्या हातात काही राहिलं नाही मॅडम, तुमच्याविरुद्ध अर्ज जाणार आहे. कामाची ओळख बंद. शनिवारी चित्रकला घ्या."

शाळा सुटताना मीराताई पुन्हा. शुक्रवारी हिंगोलीला वीज खात्याच्या मोठ्या साहेबांकडे जाणार. बालाजीने शब्द दिला आहे, तिथंही तेच सांगीन म्हणून. तो बाळापूरला राहतो, तिथून गाडीत बसणार.

"तुमी येता का?"

"मी येऊन काय करू?"

"काय न्हाई. बाजूला बसा. बोलायचं मी बघते. पण त्या कचेरीत मी कधी गेले न्हाई. तुमी असल्या की ते मला बसा म्हणतील."

एवढंच कारण. मी अजून हो म्हटलं नाही.

गुरु. ५

काल रात्री प्रकाशशी भांडण. तो चुकीचं बोलत नाही, हाच त्रास आहे. "उद्या तुला पार लांब टाकतील. दुसरीकडे जायचं म्हणजे घर, माझी नोकरी, आईचं दुखणं. तू काहून पडतेस यात? शिकवायचं काम तुझं." मी म्हटलं, शिकवलंच तर होतं. तो म्हणाला, तेच तर.

सकाळी डबा भरून दिला त्यानेच.

किरकोळ रजेचा अर्ज मु.अ. सरांच्या टेबलावर. कारण : घरगुती. त्यांनी वाचला, घडी घातली, पेपरवेटखाली ठेवला. सही केली नाही, परतही दिला नाही.

शीतलने जाता जाता विचारलं, "बाई, मम्मी मला नेणार म्हणते. मी आले तर चालते का?" आई म्हणाली असेल तर ये, म्हटलं. म्हणजे माझं ठरलंच होतं तर. असं तिला सांगताना कळलं.

शुक्र. ६ फेब्रु.

एस.टी.तच लिहितेय, अक्षर हलतंय.

डोंगरकड्याच्या स्टँडवर आम्ही तिघी गाडीत चढलो. मीराताई धुतलेलं निळं लुगडं नेसल्या आहेत, केस चापून. आज सकाळी फोटोला हार घातला, असं शीतलने हळूच सांगितलं. मीराताईंनी ऐकलं, काही म्हणाल्या नाहीत. मी दोघींच्या शेजारी, कडेला.

गाडीत गावातले दोघं आहेत. एकाने नमस्कार केला, एकाने फोन काढून खिडकीकडे तोंड केलं.

वाटेत मीराताईंनी विचारलं, साहेब काय इचारतील? मी म्हटलं, आधी नाव विचारतील, मग काय झालं ते. त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, नाव, मग काय झालं ते. मग म्हणाल्या, "बालाजी भाऊजी न्हाईच आले तर?"

शीतल म्हणाली, "तरी आपण जायचं."

"मी कुटं न्हाई म्हणले?"

शीतल बाहेरच्या तारांकडे बघत होती, एका पोलपासून दुसऱ्या पोलपर्यंत, पुन्हा पुढचा. मीराताईंनी तिचं तोंड हाताने आत वळवलं. थोड्या वेळाने हात काढून घेतला.

सकाळपासून बालाजीला दोनदा फोन केला. रिंग जाते, उचलत नाही. गाडीवर असेल. किंवा बायकोने फोन ठेवून घेतला असेल. किंवा काहीही.

बाळापूर आलं. गाडी थांबली आहे. ड्रायव्हर चहाला उतरला. माणसं चढताहेत, पोती, एक शेळी नको म्हणून कंडक्टरचा आरडाओरडा. शीतल अर्धी उठून खिडकीतून स्टँडवर बालाजीला शोधतेय. मीराताई बघत नाहीत. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आहे आणि पुढच्या सीटवरची जागा हाताने पुसून रिकामी ठेवली आहे.

ड्रायव्हर येतोय.